मेट्रोसमोरचं घर

“मिरारोड लांब पडतं” म्हणत दोन वर्षांपूर्वी माझ्या सूरजला नाकारणारी माणसं काल मुलीला घेऊन आपणहून परत आली. मला संशय आलाच. आता आमच्या दारासमोर मेट्रोचं स्टेशन झालंय, घराचा भाव वाढलाय. मुलीची आई तर पोहे सोडून गॅलरीत, स्टेशनचा जिना कुठे उतरतो ते बघत उभी. मी चौथीपर्यंतच शिकले, पण खुळी नाही. गोड आवाजात सांगितलं, “ताई, हे घर आम्ही विकलं. पुढच्या महिन्यात चिपळूणला राहायला जातोय.” बाईंचा चेहरा पडला. त्यांच्या नवऱ्याने हातातली बशी खाली ठेवली. मुलगी मात्र हसली. “काकू, काहीतरीच. घर विकलं असतं तर सूरज मला बोलला असता. रोज भेटतो आम्ही.” मी सूरजकडे वळले. “चहा आणतो,” म्हणत तो आत पळाला. तीस वर्षांत त्याने गॅस पेटवलेला नाही.