दातांत धरलेला घास

नवऱ्याचं बॉक्सिंग कधीच सुटलं होतं; आता आठवणीही सुटत चालल्या होत्या. थंडीत गाल फुटतात म्हणून ती रोज त्याला व्हॅसलीन लावायची. लावून झालं की तो निमूट तोंड उघडायचा. भूक लागली असेल, म्हणून ती घास भरवायची. तो चावायचा नाही, नुसता दातांत धरून बसायचा.

एकदा भेटायला आलेल्या म्हाताऱ्या कोचनी ते पाहिलं. "भूक नाही गं, सूनबाई. मॅचआधी मी व्हॅसलीन लावून त्याच्या दातांवर गार्ड बसवायचो."

दुसऱ्या दिवशी त्याने तोंड उघडलं, तेव्हा ती हळूच म्हणाली, "मॅच संपली."

त्याने तोंड मिटलं.

"मग मला घरी सोडा, सर. मॅच असली की बायको जेवत नाही."