समुद्रकाकडीची जखम

समुद्रकाकडी आज पुन्हा माशांच्या टाकीच्या कोपऱ्यात लोळागोळा होऊन पडली होती.

"पंपाने ओढली असेल," टिरेसा म्हणाली.

"कशी ओढेल, आई? पंपाच्या तोंडावर स्पंज आहे, वर जाळी आहे." तिचा मुलगा फेटू कोपरापर्यंत हात घालून पाण्यात चाचपत होता. पाण्याचा खारेपणा त्याने सकाळीच मोजला होता, ऊबही. सगळं जिथल्या तिथे. "ही मेली ना, की अंगातलं विष पाण्यात उतरणार. एक मासा वाचायचा नाही."

सामोआहून मुलाकडे ऑस्ट्रेलियात, लोगनला येऊन टिरेसाला महिना झाला होता. सगळी दुपार ती टाकीपुढे बसून काढायची. ते काळपट, बोजड जनावर वाळू गिळत, लख्ख करून मागे टाकत सरकायचं. कितीही पाहिलं तरी तिची हौस फिटत नसे.

फेटूने ते अलगद उलटं केलं. पोटावर सुरीची चीर होती.

तो आईकडे बघत राहिला. "गावाकडे तुम्ही बायका हेच करता ना? चिरायचं, आतडी काढून खायला बाटलीत भरायची, आणि हिला परत समुद्रात सोडायचं."

"उगवतात रे पुन्हा."

"समुद्रात, आई! ही काचेची पेटी आहे!"

"शी! ते नावसुद्धा काढू नका," स्वयंपाकघरातून सून ओरडली. लोसाला चौथा महिना होता. जन्म लोगनचा, लग्नात कुणी ती बाटली पुढे केली तर नाक दाबून पळाली होती. "इथे पाव पोटात ठरत नाहीये माझ्या!"

टिरेसाने वाकून चीर निरखली. वाकडीतिकडी, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

"मीच कापली," ती म्हणाली. "राहवलं नाही."

"अगं, मागायचं तरी! बाजारातून बाटली आणली असती. तुझ्या जिभेपायी माझे सगळे मासे गेले असते!"

"चुकलं बाबा. जगेल का?"

"वेगळी, शांत ठेवली तर. आता हात नाही लावायचा." टाकीतलंच पाणी बादलीत भरून, हवेची नळी सोडून, तो समुद्रकाकडीला गॅरेजमध्ये घेऊन गेला.

टिरेसा स्वयंपाकघरात आली. लोसा पाठमोरी भांडी घासत होती. मान वर करेना. टिरेसाने तिच्या पाठीवरून हात फिरवला.

"चीर एवढी लांब द्यायची नसते, बाळ," ती हळूच म्हणाली. "बोटभर पुरते."