काचेतलं घर

माधवी नोकरीसाठी चीनमधल्या तिएनजिन शहरात गेली, तेव्हापासून अकोल्यात बसून किसनराव रोज दुपारी लेकीच्या फोनमधून ते शहर कौतुकानं पाहत.

आज तिनं काचेची नवी उंच इमारत दाखवली. त्या काचेत समोरचं, शहरात इंग्रजांची वसाहत होती त्या काळातलं लाल विटांचं घर सुरेख उमटलं होतं.

"नव्यासोबत जुनंही जपून राहिले हे लोक," किसनराव म्हणाले. "ते घर जवळून दाखव न मले, माय."

माधवीनं फोन मागं वळवला. तिथं मोकळं मैदान होतं.

"ते तं पाडलं बाबा, मी इथं यायच्या आधीच."

तिनं फोन पुन्हा काचेकडे धरला. घर होतं. काचेतल्या रस्त्यावर मात्र माधवी नव्हती.

ती त्या घराच्या वरच्या खिडकीत उभी होती, आणि तिच्यामागून कोणीतरी हळूच खिडकी लावून घेत होतं.