दहा मिनिटं पुढे

"अहो, तुमची चाचणी एकटी चालवली की पास, सगळ्यांत गेली की नापास. अगदी तुमच्यासारखी!" सुलभाने लॅपटॉप नवऱ्याकडे वळवला.

दिगंबरराव बॅग भरता भरता हसले. बस-तिकिटांचं सॉफ्टवेअर दोघांनी घरीच लिहिलं होतं आणि ते नीट चालतंय का, हे बघणाऱ्या छोट्या छोट्या चाचण्याही. ते आज सगळ्या चाचण्या पार करून गिऱ्हाईकाकडे गेलं, तरच संध्याकाळची बस पकडून नातीचं बारसं गाठता येणार होतं.

"माझी चाचणी बिचारी एवढंच बघते, की बस सुटायच्या आधी तिकीट मिळतंय. दुसरीच कुणीतरी तिच्या पायात पाय घालतेय."

सुलभाने तांदूळ निवडावेत तशा चाचण्या निवडायला घेतल्या. निम्म्या बाजूला सारायच्या, उरलेल्यांमागून नवऱ्याची चालवायची. बिघडली, की खडा याच ढिगात. ढीग लहान होत होत एकच चाचणी उरली. ती निघाली तिची स्वतःची. बस सुटल्यावर तिकीट मिळू नये, हे तपासायला तिने सॉफ्टवेअरमधलं घड्याळ दहा मिनिटं पुढे सारलं होतं आणि तसंच सोडलं होतं. मागून येणाऱ्या नवऱ्याच्या चाचणीची बस तोवर निघून गेलेली!

दिगंबरराव भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत राहिले. नवरा वेळेवर निघावा म्हणून ते लग्नापासून दहा मिनिटं पुढेच होतं.

सुलभाने एक ओळ लिहून सॉफ्टवेअरमधलं घड्याळ मागे आणलं. सगळ्या चाचण्या पास झाल्या.

"आता भिंतीवरचंही कर की," ते म्हणाले.

"त्याला हात लावायचा नाही. तुमची बस चुकेल."