गल्लीच्या तोंडाशी

"हो लिहा," शिवणकाम करणारी शेजारीण दारातूनच म्हणाली. "परवाना नसलेली एकही गाडी आत नको. मास्तरांकडे बघून तरी लिहा."

पालिकेच्या कारकूनबाईंनी फॉर्मवर खूण केली. एकोणीस घरं, एकोणीस ‘हो’. गल्लीत फक्त रहिवाशांच्या गाड्या, त्याही परवाना घेऊन, आखून दिलेल्या जागी. याच योजनेवर मत घेत बाईंनी आधी चार गल्ल्या पालथ्या घातल्या होत्या. सगळीकडे लोक हमरीतुमरीवर आले होते. इथे कुणी हुं की चूं करत नव्हतं, कारण बाईंच्या शेजारी निवृत्त हेडमास्तर काठी टेकून उभे होते.

गेल्या वर्षी, भर दुपारी, मास्तरांच्या बायकोच्या छातीत कळ आली. ॲम्ब्युलन्स वीस मिनिटांत आली आणि गल्लीच्या तोंडाशी अडकली. तिथे कुणीतरी पांढरी गाडी लावून गेलं होतं. एक जण पेटी घेऊन पायी पळत आला, पण जीव वाचवायचं यंत्र ॲम्ब्युलन्समध्येच होतं.

"अकरा मिनिटं," मास्तर प्रत्येक दारात सांगत. आवाज न चढवता, फळ्यावर उत्तर लिहावं तसं. "मुलीचं ऑफिस दोन चौक पलीकडे. फोन केल्याबरोबर पोरगी धावत आली, ॲम्ब्युलन्सच्याही आधी. पण ती बिचारी काय करणार? आईचा हात धरून बसली."

"आणि गाडी कुणाची होती?" बाईंनी विचारलं.

शेजारणीने हनुवटीनेच शेवटचं घर दाखवलं.

"त्या ड्रायव्हरची. रोज वेगळ्या मालकाची गाडी घेऊन येतो. मी वरच्या खिडकीतून या डोळ्यांनी पाहिलंय. हातात किल्ली, तोच गाडी मागे घेत होता. विचारलं तर तोंडातून शब्द नाही. तेव्हापासून गल्लीने त्याच्याशी बोलणं टाकलंय."

"त्या घरी तुम्ही एकट्याच जा," मास्तर म्हणाले.

ड्रायव्हर मोरीत एकच ताट घासत होता. भिंतीवर पोरांनी खडूने काढलेली चित्रं होती, पोरं कुठे दिसत नव्हती. शाळेत त्यांच्याशी कुणी खेळेना, म्हणून बायको त्यांना घेऊन माहेरी गेल्याचं शेजारणीने जाता जाता सांगितलं होतं. सांगताना तिला वाईट वाटल्याचं दिसलं नव्हतं.

"तुमचं मत?"

"तुम्हाला हवं ते लिहा, मॅडम."

"तसं चालत नाही. शनिवारी सभा आहे. योजनेची गरज का आहे, ते तिथे सांगायचं आहे. ॲम्ब्युलन्सचा त्या दिवशीचा अहवाल वाचून दाखवणार आहोत. मास्तरांनी चार वेळा अर्ज करून तो मागवलाय. तो अजून कुणी उघडून वाचलेला नाही, पण त्यात गाडीचा नंबर आहे, एवढं कळवलंय."

नळ वाहत राहिला.

"नंबर आहे?"

"आहे."

त्याने नळ बंद केला. हात शर्टालाच पुसले. "मॅडम, तो कागद वाचू नका. मी लिहून देतो, सही करतो. गाडी मीच लावली होती. महिन्याभरात घरही सोडतो. मग वाचायची गरज नाही ना?"

"वर्षभर का गप्प बसलात?"

त्याने ताट पुसून फळीवर ठेवलं.

बाईंना मास्तरांची काठी टेकत चालण्याची लकब आठवली आणि तळपायाची आग मस्तकात गेली. "कबुली द्यायची असेल तर सगळ्यांच्या समोर द्या," त्या म्हणाल्या आणि फॉर्म मिटून बाहेर पडल्या.

शनिवारी शाळेच्या हॉलमध्ये एकही खुर्ची रिकामी नव्हती. मास्तर पहिल्या रांगेत बसले होते. आई गेल्यापासून मुलगी त्यांच्याकडेच राहायला आली होती. त्यांची औषधं, जेवणखाण, सगळं तीच बघायची. आताही ती त्यांचा हात धरून बसली होती.

"बाबा, नको ना तेच ते," ती हळूच म्हणाली. "कागद वाचून आई परत येणार आहे का?"

"येणार नाही," मास्तर म्हणाले. "पण कुणामुळे गेली, ते कागदावर राहील."

बाईंनी फाइल उघडली, तेवढ्यात ड्रायव्हर दाराशी उभा राहिला.

"गाडी मी लावली होती," तो म्हणाला. "चूक झाली. मास्तर, मला काय ती शिक्षा द्या. आता पुढचं काही वाचू नका."

हॉलमध्ये गलका झाला. कुणीतरी शिवी हासडली. मास्तर सावकाश उठले.

"एक वर्ष लागलं तुला?" एवढंच ते म्हणाले. मग बाईंकडे वळले. "वाचा. नोंद राहू दे."

बाईंनी स्वच्छ आवाजात वाचायला सुरुवात केली. गल्लीच्या तोंडाशी पांढरी गाडी, कुलूपबंद, चालक जागेवर नाही. अकराव्या मिनिटाला एक रहिवासी मास्तरांच्या घरून किल्ली घेऊन धावत आला आणि त्याने गाडी मागे घेतली. वाचता वाचता बाई अडखळल्या, पण डोळे पुढच्या ओळीवर गेले होते आणि तोंडून ती ओळही निघून गेली. गाडीच्या नंबरचे शेवटचे आकडे सहा, एक, चार, नऊ.

ड्रायव्हरने मान खाली घातली.

"परत वाचा," मास्तर म्हणाले.

"सहा, एक, चार, नऊ."

मास्तरांनी मुलीच्या हातातून आपला हात सोडवला.

"अगं," ते म्हणाले, "ही तर आई गेल्यावर तू विकून टाकलेली गाडी."