खडीच्या रस्त्याची गाडी

"तू बसून बघ," अन्सेल्मो म्हणाला. "माझा गुडघा आज ठीक नाही."

एल्विराने सुस्कारा सोडला आणि मोटारसायकलवर टांग टाकली. गाडी अवाढव्य होती. उंच, रुंद टाकीची, डांबरावर धावेल आणि खडीवरही हटणार नाही अशी. रियो मायो गावात तशी दुसरी नव्हती. गॅरेजचा मालक हारो फडक्याने हात पुसत बाजूला उभा होता.

"पाय टेकतात?"

"टेकतात, पपा. माझे टेकून काय उपयोग?"

अन्सेल्मोने तिला हँडल दोन्हीकडे वळवायला लावलं, गाडी स्टँडवरून उतरवायला लावली, जड वाटते का ते विचारलं. एल्विराने सगळं केलं. म्हाताऱ्याची हौस, होऊन जाऊ दे. तिची स्वतःची छोटी गाडी बाहेर उभी होती. रोज सकाळी वाऱ्याशी झगडत ती तिच्यावरून बेकरीत कामाला जायची.

अन्सेल्मो कुर्रुमिल सत्तरी ओलांडलेला होता. उभा जन्म त्याने रस्ता खात्यात काढला, ग्रेडरवर बसून खडीचे रस्ते सारखे करण्यात. जगभरचे प्रवासी मोठाल्या मोटारसायकलींवरून धूळ उडवत जवळून जायचे, जाताना हात करायचे. तोही हात करायचा आणि पुन्हा तोच रस्ता खरवडत राहायचा. आता त्याचे हात थरथरत. शर्टाची बटणं एल्विरा लावून द्यायची. सूपही तीच भरवायची, कारण चमचा तोंडाशी येईपर्यंत रिकामा व्हायचा.

आणि या माणसाला मोटारसायकल हवी होती. पैशांचा प्रश्न नव्हता, आपल्या वाटणीचं कुरण त्याने भावाला विकलं होतं.

एल्विरा चाळिशीला आली होती. आई गेली तेव्हा ती कोर्दोबाहून थोड्या दिवसांसाठी म्हणून आली आणि राहिली. तिकडे एक माणूस होता. त्याने बरीच वाट पाहिली, मग लग्न केलं. ती त्याबद्दल बोलत नसे. बापाने कधी विषय काढला तर 'मी इथे बरी आहे' म्हणून उठून जायची.

याआधी अन्सेल्मो जनावरांच्या डॉक्टरची गाडी बघून आला होता. एल्विराने डॉक्टरला बाजूला घेऊन सांगितलं होतं की हे पहिल्याच वळणावर जीव देतील. डॉक्टर भला माणूस. बायको विकू देत नाही, असं त्याने म्हाताऱ्याला सांगून टाकलं.

हारोकडून आल्यावर रात्री जेवताना अन्सेल्मोची कळी खुलली होती. वारा पश्चिमेकडून येतो तेव्हा अंग त्याच्यावर टाकायचं, घाबरून ब्रेक दाबायचा नाही. खोल खडीत फार हळू गेलं की माणूस आपटतो. पेट्रोल कुठे मिळतं, कुठे मिळत नाही. तो सांगत राहिला. एल्विरा त्याची हनुवटी पुसत 'हो पपा, हो' म्हणत राहिली.

दुसऱ्या दिवशी ती एकटी हारोकडे गेली.

"ती गाडी त्यांना देऊ नकोस."

"मी शब्द दिलाय, एल्विरा."

"हात बघितलेस त्यांचे? मग खड्डाही तूच खणायला ये."

आठवडा संपायच्या आत गाडी कोमोदोरो शहरातल्या एका गिऱ्हाइकाने नेली. त्याने आधी विचारून ठेवलं होतं, मीच विसरलो, असं हारोने म्हाताऱ्याला सांगितलं. अन्सेल्मोने टोपी काढली, पुन्हा घातली आणि घरी आला.

नंतर तो गाडीबद्दल बोललाच नाही. खिडकीपाशी खुर्ची ओढून बसायचा. येर्बाच्या चहाचा पेला समोर गार होऊन जायचा. एल्विराला वाईट वाटे, पण मनातून ती निर्धास्त होती. हिवाळा सरता सरता एका सकाळी तो खुर्चीतच कलंडला. झटक्याने वाचा गेली आणि ओळखही गेली. दवाखान्यात सांगितलं की हृदय मजबूत आहे, असेच खूप वर्षं राहतील.

एल्विरा त्याला उचलून बसवते, आंघोळ घालते, भरवते. कामावर जाताना शेजारणीला बसवून जाते. कुठे रस्त्याकडेला चेंदामेंदा होऊन पडले नाहीत ना, असं स्वतःला सांगते. जिवंत तरी आहेत.

वसंतात एकदा हारो बेकरीत पाव घ्यायला आला. दुकानात दुसरं कोणी नव्हतं. त्याने अन्सेल्मोकाकांची चौकशी केली. एल्विराने सांगण्यासारखं होतं तेवढं सांगितलं.

"तेव्हा तू माझं ऐकलंस, हारो. तुझे उपकार आहेत. नाहीतर आज मला बाप नसता."

हारोने पावाची पिशवी घेतली, पण हलला नाही.

"गाडी गेल्यावर ते एकदा आले होते माझ्याकडे. एकटेच, काठी टेकत. दुसरी गाडी बघ म्हणाले. मी चिडलो. म्हटलं, काका, आपले हात बघा, कोण विकेल तुम्हाला? तर हसायला लागले."

"हसले?"

"मला म्हणाले, तिच्याजवळ बोलू नकोस, ऐकायची नाही. आणि मग ते असे पडले, कसं सांगणार होतो तुला?"

"काय म्हणाले?"

"म्हणाले, मला कुठे जायचंय रे? मी कोमोदोरोच्या वृद्धाश्रमात जागा बोलून ठेवलीय. गाडी दारात उभी करीन, किल्ली पोरीच्या हातात देईन आणि सांगीन, निघ आता. मी मरायची वाट बघत बसलीस तर म्हातारी होशील."