दुर्बिणीतलं घर

ओव्हरसियर वामनराव मोजणीच्या दुर्बिणीला डोळा लावून वाकले होते. समोर झुंबरबाईच्या दारात, उंबऱ्याशी आकड्यांची उंच पट्टी टेकवून तिचा दीर कोंडाजी उभा होता. धरणाचं पाणी वलवण गावात कुठवर चढणार, ते आज ठरायचं होतं. झुंबरबाई सकाळपासून दुर्बिणीजवळ बसून होती. घर राहणार की बुडणार, एवढंच तिला कळायला हवं होतं.

“सायेब, मी बगू?”

ते बाजूला झाले. तिनं एक डोळा मिटला. काचेत तिचं घर उलटं लटकत होतं. कोंडाजीचे पाय वर, पागोटं खाली. छपरातून निघालेला धूर खाली आभाळात सांडत होता. उन्हानं सगळं हलकंसं थरथरत होतं.

ती मागं सरली. “तळ्यात दिसतं तसं दिसतंय. पानी आलं बी व्हय?”

“नाही मावशी. ही भिंगं उलटंच दाखवतात.” वामनरावांनी आकडा मांडला, पुन्हा तपासला. “पाणी उंबऱ्यावर तीन हात येईल.”

तिनं दूरवरच्या उंबऱ्याकडं पाहिलं. मग म्हणाली, “एवढं पानी कशापायी?”

“वीज करायला. मुंबईत माणसं मावत नाहीत आता. ती लांब मोकळ्या जागेत राहायला जातील आणि विजेच्या ट्रामनं कामावर येतील.”

“त्येंनी लांब ऱ्हायाचं म्हनून आमी बी लांब जायाचं. मग आमाला शेतावर न्यायला येनार का तुमची टराम?”

पट्टी खांद्यावर टाकून कोंडाजी येत होता. तो हसला. “वैनी, शेत बी पान्यातच. टराम न्हाई, व्हडी लागंल.”

ती हसली नाही.

दुपारी कोंडाजीनंच घराच्या दर्शनी भिंतीवर तीन हात उंचीची चुन्याची रेघ ओढली. ती दाराशेजारच्या दिव्याच्या कोनाड्यातून गेली. तो वळतो तोच झुंबरबाई शेणाची पाटी घेऊन आली आणि भिंत सारवू लागली. खालून वर, रेघेपर्यंतच.

“आता कशाला, वैनी?”

“पानी येऊ दे न्हाई तर कुनी बी,” ती हात न थांबवता म्हणाली, “बिनसारवल्या घरात कसं घ्यायचं?”

दुर्बीण पेटीत ठेवता ठेवता वामनरावांनी तिकडं पाहिलं. रेघेपर्यंत भिंत ओली होती आणि उन्हात चमकत होती.